फोन त्यांनी केला, बिल काकींना आलं

आज बोलायचंय ते परदेशातल्या फोनबद्दल. तुम्ही म्हणाल, आम्हाला तालुक्याला जायला एसटी मिळेना आणि या बाया परदेशाचं काय सांगतायत! पण जरा आपल्या वाडीतली घरं मोजून बघा. कुणाचा मुलगा मस्कतला, कुणाचा दीर कुवेतला, कुणाचा जावई दुबईला, कुणी जहाजावर. आणि आता मुलीच्या बाळंतपणाला आई विमानाने जाते. आमच्या गटातल्या काकी अशाच गेल्या होत्या. त्यांच्या फोनच्या बिलावरून आमच्या मासिक बैठकीत जे झालं, त्यातूनच आजचं बोलणं निघालं.

२०१७ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. काकींची मुलगी शारजाला. पहिलं बाळंतपण. काकी ३४ दिवसांसाठी गेल्या. मुलाने घरच्या सगळ्यांचे फोन एकाच बिलावर, म्हणजे पोस्टपेडवर घेतलेले. जाताना त्याने कंपनीला सांगून काकींच्या फोनवर परदेशातली सेवा सुरू करून दिली आणि बजावलं, "आई, तू तिकडून फोन करू नकोस, महाग पडतं. आम्हीच करू." काकींनी ते तंतोतंत पाळलं. त्यांनी एकही फोन केला नाही. घरून आजी, म्हणजे त्यांच्या सासूबाई, रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर फोन करायच्या. बाळ दूध प्यालं का, बाळंतिणीला डिंकाचा लाडू दिला का, तिकडे शेक द्यायला कोळसा तरी मिळतो का. रोजची सात-आठ मिनिटं.

काकी परत आल्या, आणि पाठोपाठ बिल आलं. आलेले कॉल २७२ मिनिटं, मिनिटाला ५० रुपये, म्हणजे १३,६०० रुपये. त्यावर १८ टक्के कर. एकूण १६,०४८.

आमचा गट १२ जणींचा. दरमहा प्रत्येकी २०० रुपये, म्हणजे महिन्याला २,४०० जमतात. काकींचं ते बिल म्हणजे आम्हा बाराजणींची जवळजवळ सात महिन्यांची बचत. काकींनी अंतर्गत कर्ज मागितलं तेव्हा बैठकीत शांतता पसरली. एकजण म्हणाली, "आपण बियाण्याला देतो, दवाखान्याला देतो, शाळेच्या फीला देतो. बोलण्याला कर्ज द्यायचं?" काकींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, मी फोन केलाच नाही. फोन त्यांनी केला. मग बिल मला कसं आलं?"

या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. कर्ज मंजूर झालं, दहा हप्त्यांत फिटलंही. पण प्रश्न राहिला. मग आम्ही तो धरून मागे मागे गेलो, थोरल्यांना विचारलं, वाचलं. तेव्हा कळलं की दूरच्या माणसाशी बोलायचे पैसे कोणी भरायचे, हा वाद फार जुना आहे, आणि त्याची उत्तरं दर पिढीला बदललेली आहेत.

मुंबई आणि लंडन समुद्राखालच्या तारेने जोडली गेली १८७० साली. त्या तारेवरून माणसाचा आवाज जात नव्हता, नुसत्या खुणा जायच्या. म्हणजे तार, टेलिग्राम. तारेला शब्दामागे पैसे. म्हणून तारेत कुणी 'तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार' लिहीत नसे. 'आई गंभीर, लगेच निघा' एवढंच. गावात तारवाला दिसला की बायका दारात येऊन उभ्या राहायच्या, कारण स्वस्तातली बातमी पत्राने यायची आणि तारेने यायची ती बहुधा वाईटच. पैसे वाचवायला शब्द गाळायचे, ही आपली सवय तेव्हापासूनची.

पुढची पायरी आपल्याच मुलखात घडली. १९२७ साली पुण्याजवळच्या खडकीला आणि दौंडला बिनतारी केंद्रं सुरू झाली. खडकीहून संदेश विलायतेला जायचा आणि तिकडून आलेला दौंडला उतरायचा. १९३३ साली भारत आणि इंग्लंडमध्ये रेडिओच्या लहरींवरून टेलिफोन सुरू झाला. म्हणजे माणसाचा आवाज समुद्रापार जाऊ लागला. पण तो कुणाचा आवाज? मोठ्या व्यापाऱ्यांचा, साहेबांचा, संस्थानिकांचा. बोटीवर खलाशी म्हणून गेलेल्या आमच्या कोकणातल्या माणसाचा नव्हे. त्याच्या बायकोला पत्रच यायचं, तेही बोट बंदराला लागली तर.

स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं साधा ट्रंक कॉल हीच मोठी गोष्ट होती. तालुक्याच्या पोस्टात किंवा एक्स्चेंजमध्ये जाऊन नंबर लिहून द्यायचा आणि बाकड्यावर बसून राहायचं. साधा कॉल, अर्जंट कॉल आणि लायटनिंग कॉल असे तीन भाव. लायटनिंगला साध्याच्या आठपट पैसे. हिशेब तीन-तीन मिनिटांचा. तीन मिनिटं संपली की मध्येच ऑपरेटर बोलायचा, आणि बोलणाऱ्याच्या तोंडचं वाक्य अर्धंच राहायचं. आमच्यातल्या एका थोरल्या बाई सांगतात, मुंबईला मोठ्या मुलाला ऑपरेशनला नेलं तेव्हा त्या पोस्टात चार तास बसल्या होत्या. कॉल लागला तेव्हा आधी रडूच आलं. पहिलं मिनिट रडण्यात गेलं, आणि त्याचेही पैसे भरले.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ आर्वीला मोठी तबकडी उभी राहिली. उपग्रहाशी बोलणारं केंद्र. त्याला विक्रम साराभाईंचं नाव दिलं. हाच काळ आखाताच्या तेलाचा. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, तिकडे रस्ते, इमारती, बंदरं उभी राहू लागली, आणि रत्नागिरी-रायगडच्या गावागावांतून माणसं निघाली. खेड, दापोली, चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धन. त्याआधी आमची माणसं मुंबईला चाकरीला जात, ती आता मुंबईवरून पुढे जाऊ लागली. गोव्यातूनही तसंच. कुणी जहाजावर, कुणी आखातात.

यंत्रं आली होती, पण घरी फोन नव्हता. म्हणून माणसांनी स्वतःची वाट काढली. त्या वाटेचं नाव टेप. गल्फहून येणारा माणूस टेपरेकॉर्डर घेऊन यायचा. मग इकडची मंडळी कोऱ्या कॅसेटवर बोलून ठेवायची आणि जाणाऱ्या माणसाच्या हाती द्यायची. ज्या बाईला लिहिता येत नव्हतं, तिला हा मोठाच आधार. पत्र लिहून घ्यायचं तर मास्तरांकडे किंवा पुतण्याकडे जायचं, आणि त्यांच्यासमोर नवऱ्याला काय सांगणार? कपाळ! टेपमध्ये मात्र दार लावून बोलता यायचं. आमच्या शेजारच्या मोहल्ल्यातल्या एक खाला सांगतात, त्यांनी एकदा कॅसेटची एक पूर्ण बाजू मुलाचं बोबडं बोलणं आणि कोंबड्याचं आरवणं भरून पाठवली होती. त्यांच्या शोहरनी ती झिजेपर्यंत ऐकली. महिन्या-दोन महिन्यांनी उत्तर यायचं, पण आवाजाचं यायचं. खर्च कॅसेटचा, बाकी काही नाही.

मग आला पीसीओ. आमच्या पिढीला आठवतो तो हाच. पिवळी पाटी, एसटीडी-आयएसडी-पीसीओ, काचेची खोली, आत लाल आकड्यांचं मीटर. भारतात ऑपरेटरशिवाय थेट गाव-ते-गाव फोन १९६० साली लखनौ आणि कानपूरमध्ये पहिल्यांदा लागला. पण खेड्यापर्यंत ती सोय पोचायला १९८० चं दशक उलटावं लागलं. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली, तिने आपल्या उष्ण्यात, धुळीत टिकतील अशी छोटी एक्स्चेंजं तयार केली, आणि गावात पीसीओ आले. अनेक ठिकाणी अपंग बांधवांना, भगिनींना पीसीओ चालवायला मिळाले. रात्री अकरानंतर देशातल्या कॉलला पाव दर, म्हणून अकरा वाजता रांग लागायची.

आखातात तेव्हा शुक्रवारची सुट्टी, म्हणून शुक्रवार हा फोनचा वार. तिकडे माणूस स्क्रॅच करायचं कार्ड घेऊन सार्वजनिक फोनवर उभा, इकडे बायको पोराला कडेवर घेऊन पीसीओच्या ओट्यावर. पीसीओवाल्याचा पोरगा धावत यायचा, "काकी, दुबईचा फोन!" हातातलं पीठ तसंच ठेवून धावायचं. बोलायला पाच मिनिटं, आणि ऐकायला रांगेतला सगळा गाव. पैसे तिकडून करणारा भरत होता, कारण इकडून केलेला कॉल परवडतच नव्हता. १९९० च्या दशकात इथून अमेरिकेशी एक मिनिट बोलायला साठ रुपयांच्या आसपास पडायचे, आणि तेव्हा दिवसभराची मजुरी त्याहून कमी होती.

एवढं सगळं महाग असूनही फोन नसला तर काय होतं, हे आमच्या थोरल्यांनी १९९० साली पाहिलं. २ ऑगस्टला इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. बाहेरचे फोन बंद पडले. आपल्याकडच्या किती घरांत कर्तं माणूस तिकडे होतं! मैत्रिणींनो, त्या घरांत आठवड्यामागून आठवडे ना पत्र, ना फोन, ना पैसे. गौरी-गणपती आले आणि गेले. माणसं वाळवंटातून बसने जॉर्डनची राजधानी अम्मानला पोचली आणि तिथून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला आली. ऑगस्ट ते ऑक्टोबर, दीड लाखांहून जास्त भारतीय असे परत आले. कितीतरी बायकांना नवरा जिवंत आहे हे कळलं ते तो दारात उभा राहिला तेव्हा. म्हणून कुणी "बोलण्यालाही कर्ज?" असं विचारलं की आमच्या थोरल्या गप्प बसतात. त्यांना बोलण्याची किंमत ठाऊक आहे.

आता मोबाइलकडे येऊ. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना मोबाइलवरून फोन केला. देशातला तो पहिला मोबाइल कॉल मानतात. तेव्हा मिनिटाला सोळा-सतरा रुपयांपर्यंत दर होते. आणि नीट ऐका, फोन करणाऱ्यालाही पैसे आणि ज्याला फोन आला त्यालाही पैसे. मोबाइल वाजला की माणूस आधी नंबर बघायचा, मग कट करायचा आणि जवळचा पीसीओ शोधायचा. आपला 'मिस कॉल' याच काळात जन्मला. एक रिंग म्हणजे 'पोचलो', दोन रिंग म्हणजे 'फोन कर'. गरीब माणसाने काढलेली ही फुकटची तारच होती.

१ मे २००३ पासून देशात नियम बदलला. फोन करील त्याने पैसे भरायचे, घेईल त्याला फुकट. त्याआधी १ एप्रिल २००२ पासून परदेशी कॉलवरची एकाच कंपनीची मक्तेदारी संपली होती, त्यामुळे तेही दर घसरू लागले होते. २००३ नंतर मोबाइल शेतात पोचला, मासेवालीच्या टोपलीत पोचला, आमच्या गटाच्या बैठकीत पोचला. आणि आपल्या मनात एक गोष्ट कायमची बसली: इनकमिंग फुकट असतं.

काकींचं बिल आलं ते इथून. जो नियम आपल्याला निसर्गनियमासारखा वाटतो, तो देशाच्या हद्दीपुरता केलेला नियम होता. काकींचा मुलगा शिकलेला, तरी त्याच्याही मनात तोच बसलेला. "तू करू नकोस, आम्ही करू" हा सल्ला पीसीओच्या काळात बरोबर होता, देशात आजही बरोबर आहे. शारजाला मात्र तोच उलटा पडला.

कसा, ते सांगतो. परदेशात आपला फोन चालतो त्याला रोमिंग म्हणतात. दोन देशांतल्या मोबाइल कंपन्यांमध्ये असा पहिला करार १९९२ साली फिनलंड आणि इंग्लंडच्या कंपन्यांत झाला. त्याचा हिशेब पाहुण्याच्या जेवणासारखा असतो. तुम्ही परगावी कुणाकडे उतरलात. यजमान तुम्हाला जेवू घालतो, पण ताटाचे पैसे तुमच्या घरी कळवतो. घरचा कारभारी त्यात स्वतःचं काही मिळवून तुमच्या नावावर मांडतो. पाहुण्याला ताटाचा भाव विचारायची सोय नाही, आणि दुसऱ्या घरी जेवायला जायचीही नाही. भाव चढा राहतो तो त्यामुळे.

आता आजींचा कॉल बघा. आजी कोकणातून काकींचा भारतातलाच नंबर लावतात. आजींना वाटतं, नंबर इथला, म्हणजे कॉल इथला. त्यांना पैसेही इथलेच पडतात. पण कॉल आधी इथल्या कंपनीकडे जातो. ती बघते, काकी तर शारजाला. मग ती तो कॉल समुद्रापार नेते आणि तिथल्या कंपनीच्या हवाली करते. या पुढच्या प्रवासाचं भाडं कोणी द्यायचं? आजींना तर ठाऊकच नाही काकी कुठे आहेत. म्हणून ते काकींच्या नावावर. याहून नवल म्हणजे, दवाखान्यातून जावयाने त्याच शहरात घरी बसलेल्या काकींना या नंबरवर फोन केला, तर तो कॉल भारतात येऊन परत शारजाला जातो. जावयाला परदेशी कॉलचे पैसे आणि काकींना इनकमिंगचे. समोरच्या घरात वाटीभर साखर द्यायला मुंबईला जाऊन यावं, तसं!

मग व्हॉट्सअ‍ॅपवर का नाही बोलल्या, असं तुम्ही विचाराल. आम्हीही विचारलं. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलायची सोय २०१५ साली आली, चेहरा बघून बोलायची २०१६ च्या शेवटी. काकींनी पहिल्याच दिवशी लावून पाहिलं. रिंगच नीट जाईना. त्यांना वाटलं आपलाच फोन बिघडला. फोन चांगला होता. संयुक्त अरब अमिराती, म्हणजे दुबई, शारजा, अबुधाबी असलेला देश, तिथे इंटरनेटवरून बोलण्यावर बंधनं आहेत. परवाना मिळालेली ठरावीक अ‍ॅपच चालतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल त्यात येत नाही. सौदी अरबस्तानातही अशी बंदी होती, ती २०१७ साली बरीचशी उठली. म्हणजे दोन्ही आखाती देश, दोघांत आपली माणसं, पण एकाचा सल्ला दुसऱ्याला लागू नाही. काकींच्या चुलत जावेचा मुलगा सौदीत होता. "तिकडे व्हॉट्सअ‍ॅप चालतं की," असं त्यानेच सांगितलं होतं. तो खोटं बोलला नव्हता. त्याचा देश वेगळा होता.

हे दर अंतरावर ठरतात का? युरोपची गोष्ट ऐका. तिथे देश छोटे, आपल्या दोन जिल्ह्यांएवढ्या अंतरावर हद्द संपते. हद्द ओलांडली की फोनचे दर कितीतरी पटीने वाढायचे. लोक ओरडू लागले. २००७ साली युरोपियन युनियनने कमाल दर ठरवून दिले. केलेल्या कॉलला मिनिटाला कराशिवाय ४९ सेंट आणि आलेल्या कॉलला २४ सेंट, याच्यावर घ्यायचे नाहीत. मग दर वर्षागणिक खाली आणत १५ जून २०१७ पासून आपसातला जादा आकारच काढून टाकला. अंतर तेवढंच, मनोरे तेच, बदलला तो करार. आपल्याकडेही तसंच झालं. मुंबई हे मोबाइलचं वेगळं मंडळ आणि बाकीचा महाराष्ट्र-गोवा वेगळं. शिमग्याला गावी आलेला चाकरमानी "फोन उचलू नकोस, रोमिंग लागेल" म्हणायचा, आठवतंय ना? स्वतःच्या घरच्या अंगणात उभा राहून रोमिंग! आज पोरांना ते सांगितलं तर खरं वाटत नाही. देशातलं ते रोमिंग टप्प्याटप्प्याने गेलं. परदेशातलं मात्र अजून करारावरच चालतं, म्हणून ते आपण आधी विचारून घ्यायचं.

आम्ही गटात याचा ठराव केला. कुणीही सभासद किंवा तिच्या घरचं माणूस परदेशी निघालं की बैठकीत त्याची चर्चा करायची आणि उत्तरं वहीत लिहायची. चर्चा अशी होते.

पहिली गोष्ट, देश कोणता आणि दिवस किती. चार-आठ दिवसांचं जाणं असेल तर आपल्याच नंबरवर परदेशाचा पॅक घेणं सोयीचं. महिना-दोन महिने राहायचं असेल तर तिथलं सिमकार्ड बहुधा स्वस्त पडतं. पासपोर्ट दाखवून ते स्वतःच्या नावावर घ्यायचं. हल्ली काही फोनमध्ये ई-सिम चालतं, म्हणजे कार्ड न घालताच तिकडची सेवा सुरू होते. आपला फोन त्याला चालतो का, ते दुकानात आधी बघून घ्यायचं.

दुसरी, पॅक घेताना विचारायचे प्रश्न. पॅकच्या यादीत त्या देशाचं नाव आहे का? त्यात आलेले कॉल धरलेत का, किती मिनिटं? दिवस कधीपासून मोजणार, रिचार्जपासून की तिथे पोचल्यापासून? पॅक संपल्यावर सेवा बंद होते की जादा दराने सुरूच राहते? हा शेवटचा प्रश्न विसरायचा नाही. विमानतळावर उतरायचा वेळ जमेत धरायचा. विमान वाटेत तिसऱ्या देशात थांबत असेल तर तिथे पॅक चालतो का, तेही बघायचं.

तिसरी, विमानात बसण्यापूर्वी फोनमधलं 'डेटा रोमिंग' बंद करायचं. आपण फोनला हातही लावला नाही तरी तो आपणहून फोटो चढवतो, अ‍ॅप ताजी करतो, आणि त्याचे पैसे लागतात. पॅक सुरू झाल्याची खात्री झाली की मगच उघडायचं. मुलीच्या घरी वाय-फाय असेल तर त्यावर.

चौथी, इथलं सिम टाकून द्यायचं नाही. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. जाण्यापूर्वी त्याची मुदत परत येईपर्यंत पुरेल असा रिचार्ज मारायचा. परदेशात ओटीपी येईल ना, मेसेजला पैसे पडतील का, हे कंपनीला विचारायचं. दोन सिमचा फोन असेल तर एक इथलं, एक तिथलं. व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर बदलायची गरज नाही, तिकडचं सिम घातलं तरी ते जुन्या नंबरावर चालू राहतं. आणि घरच्यांना सांगायचं, "माझ्या इथल्या नंबरवर फोन करू नका. तिकडचा नवा नंबर कळवते." पण तो नवा नंबर त्यांच्यासाठी परदेशी नंबर. तो लावला तर त्यांना आयएसडीचे पैसे पडतील, हेही त्यांना सांगायचं.

पाचवी, त्या देशात इंटरनेटवरचा कॉल चालतो का. चालत नसेल तर परवानगी असलेलं अ‍ॅप कोणतं, हे तिथल्या माणसाला विचारून दोन्हीकडे आधीच घालून ठेवायचं. कुणी आडवाटेने चालवून देतो म्हणालं तर नको म्हणायचं. परक्या देशाचा कायदा आपल्याला पेलणारा नसतो. व्हॉट्सअ‍ॅपचा लिहिलेला मेसेज आणि बोलून पाठवलेला आवाज अमिरातीतही जातो. बोलून पाठवायचं, ऐकून उत्तर द्यायचं. खालांच्या कॅसेटसारखंच की हे! तेव्हा दोन महिने लागायचे, आता दोन क्षण.

सहावी गोष्ट घरकामाला, दवाखान्यात काम करायला जाणाऱ्या बहिणींसाठी. सिम स्वतःच्या नावावर हवं. मालकाने दिलेला फोन मालक परत घेऊ शकतो. घरचा एक नंबर आणि तिथल्या भारतीय दूतावासाचा नंबर तोंडपाठ करायचा आणि कागदावर लिहून पासपोर्टपासून वेगळा ठेवायचा. घरच्यांशी वार आणि वेळ ठरवून ठेवायची. ठरल्या वारी आवाज आला नाही तर घरचे लगेच चौकशीला लागतील. कुवेतच्या वेळी आपल्या थोरल्यांना नुसतं वाट बघत बसावं लागलं, तसं आपल्याला बसायचं नाही.

गेल्या वर्षी आमच्या गटातली दुसरी एक ताई मुलाकडे दुबईला दीड महिना राहून आली. वही घेऊन तिने मुलाला फोनवर एकेक प्रश्न विचारला. मुलगा हसला, पण उत्तरं द्यावी लागली. तिकडचं सिम, इथलं सिम फक्त ओटीपीला, डेटा रोमिंग बंद. परत आल्यावर तिने बैठकीत हिशेब ठेवला. ठरवलेल्या रकमेच्या वर एक रुपया गेला नव्हता. काकींनी तो हिशेब हातात घेतला, दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "माझे सोळा हजार कामी आले म्हणायचे."

आजी आता नाहीत. त्या ३४ दिवसांत त्या पणतवंडाचं रडणं फोनवर ऐकत बसायच्या, आणि बिलाचं कळल्यावर कितीतरी दिवस फोनला हात लावत नव्हत्या. आपल्यामुळे सुनेला कर्ज झालं, हे त्यांच्या मनातून गेलंच नाही. आम्हाला वाईट वाटतं ते त्याचं. आजींची काय चूक होती? जे त्यांना कुणी सांगितलंच नाही, ते त्यांना कळणार कुठून?

म्हणून मैत्रिणींनो, तुमच्या गटातही एक पान काढा. कुणी परदेशी निघालं की तिळगुळाच्या डब्याबरोबर हेही प्रश्न बांधून द्या. आणि घरी राहणाऱ्या सासूबाईंना, आजींना शेजारी बसवून सांगा की कोणत्या नंबरवर, कोणत्या वेळी, कसं बोलायचं. मग त्या मनसोक्त बोलू देत, बाळाच्या न्हाण्यापासून डिंकाच्या लाडवापर्यंत.